गुरुग्रामची आयपीए आणि तिच्याशेजारचं ताट

इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए, या बिअरची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. हिंदुस्थानातले इंग्रज साहेब तहानलेले होते, विलायतेहून निघालेली बिअर वाटेत आंबून जायची, मग लंडनच्या जॉर्ज हॉजसन नावाच्या बिअरवाल्यानं जास्त हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) घालून आणि मद्यार्क वाढवून खास या प्रवासासाठी नवी बिअर शोधून काढली. ती इथल्या उन्हाला आणि मसाल्याला इतकी मानवली की तिला देशाचंच नाव मिळालं. या गोष्टीला हल्ली एक शेपूटही जोडलं जातं: आयपीए मुळातच भारतासाठी जन्मली, तेव्हा झणझणीत भारतीय जेवण आणि आयपीए ही जन्माचीच जोडी आहे. गुरुग्रामच्या सेक्टर 29 पासून सायबर हबपर्यंतच्या ब्रू-पबमध्ये बसणाऱ्याला ही जोडी आपल्या घरची वस्तू परत आल्यासारखी वाटते. पण पुरावे वेगळं सांगतात. गुरुग्राममध्ये मिळणारी अमेरिकी धाटणीची आयपीए ही साम्राज्याची वारसदार नाही. तिचा जन्म अमेरिकेतल्या हॉप्सच्या शेतात आणि हरियाणाच्या अबकारी परवान्यात आहे, आणि तिच्यासोबत काय खावं याचं उत्तरही तिथेच, म्हणजे तिच्या ताजेपणात आणि शेजारच्या तंदूरमध्ये शोधायला हवं.

आधी हॉजसनचा हिशेब पाहू. त्याची ब्रुअरी लंडनच्या पूर्वेला बो या भागात, ली नदीकाठी होती. 1752 साली त्यानं तिथे धंदा सुरू केला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे नांगर टाकत ते ब्लॅकवॉल तिथून अगदी जवळ. या जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी माल नेऊन विकायची मुभा असे आणि हॉजसन त्यांना उधारीवर, तीही अठरा-अठरा महिन्यांच्या, बिअर देई. त्याच्या यशाचं मोठं कारण हे, गोदीजवळचा पत्ता आणि लांब मुदतीची उधारी. बिअरच्या इतिहासाचे अभ्यासक मार्टिन कॉर्नेल यांनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवून दिलं की त्यानं नवीन बिअर शोधल्याचा पुरावा नाही. गरम मुलखात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत हा सल्ला 1760 च्या दशकातल्या इंग्रज बिअरवाल्यांना आधीच माहीत होता. हॉजसन पाठवत होता ती बहुधा इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या घरी शरद ऋतूत गाळून तळघरात वर्ष-दोन वर्ष मुरवली जाणारी फिकट, कडक 'ऑक्टोबर' बिअर. शिवाय तेव्हा हिंदुस्थानात येणारी सगळीच बिअर फिकट नव्हती. काळीभोर पोर्टर मोठ्या प्रमाणावर येत होती आणि ती सुखरूप पोहोचतही होती. म्हणजे फिकट कडू बिअर सोडून दुसरी कुठलीच बिअर समुद्र ओलांडू शकत नव्हती, हा गोष्टीचा पायाच कच्चा आहे. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापलेलं सापडतं तेही उशिरा. 1829 मधली एक जुनी नोंद तर ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या वृत्तपत्रातल्या जाहिरातीची आहे.

प्रवासानं बिअरचं जे केलं, ते मात्र खरं आणि फार महत्त्वाचं आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारं जहाज चार ते सहा महिने वाटेवर असे. ते विषुववृत्त दोनदा ओलांडी. लाकडी पिंपातली बिअर त्या काळात हलत, तापत, पुन्हा निवत राही. पिंपाच्या लाकडात वस्तीला असलेले रानटी यीस्ट उरलीसुरली साखर खाऊन टाकत. कलकत्ता, मद्रास किंवा मुंबईच्या धक्क्यावर उतरणारी बिअर कोरडी, फेसाळ, मुरलेली असे आणि हॉप्सचा ताजा वास तिच्यातून बहुतेक उडून गेलेला असे. राहत असे तो कडूपणा, तोही वयानं मवाळ झालेला. लोकांना ती आवडत होती ती या मुरलेपणामुळे. साहेबाच्या घरी ती गार करण्याचं काम आबदाराचं. तो पाण्यात सोरा विरघळवून त्यात बाटल्या फिरवत ठेवी. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता शोषतो, त्यामुळे बर्फाशिवायही बाटली बऱ्यापैकी गार होई. 1833 साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं जहाज अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ घेऊन कलकत्त्याला पोहोचलं. पुढे मुंबईतही हा बर्फ येऊ लागला आणि आबदाराचं कसब मागे पडलं.

1820 च्या दशकात हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला सुरुवात केली, उधारी बंद केली, भाव वाढवले. कंपनीच्या लोकांना ते रुचलं नाही. 1822 साली कंपनीच्या कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी इंग्लंडमधल्या बर्टन गावचे बिअरवाले सॅम्युएल ऑलसॉप यांना ही बाजारपेठ सुचवली. ऑलसॉप अडचणीतच होते, कारण रशियाच्या नव्या जकातीनं त्यांचा बाल्टिककडचा धंदा बुडाला होता. त्यांच्या जॉब गुडहेड नावाच्या कारागिरानं हॉजसनच्या बिअरचा पहिला नमुना चहाच्या किटलीत करून पाहिला, असं सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात फिकट माल्टची बिअर अधिक स्वच्छ होते आणि तिचा कडूपणा रेंगाळत न बसता नीट कापल्यासारखा संपतो. ऑलसॉप आणि त्यांच्या मागून आलेल्या बास या कंपनीनं हॉजसनला मागे टाकलं ते या पाण्याच्या जोरावर. मग पेल एल इंग्लंडमध्येही लोकप्रिय झाली आणि हिंदुस्थानची निर्यात हा तिच्या धंद्याचा छोटा भाग उरला. इकडे एडवर्ड डायर यांनी कसौलीच्या थंड हवेत ब्रुअरी काढली, 1860 मध्ये मरी इथली ब्रुअरी आली, आणि छावण्यांतल्या गोऱ्या शिपायाला डोंगरातली देशी बिअर मिळू लागली. कसौलीची परंपरा पुढे मोहन मीकिनकडे आली. या कंपनीमुळेच दिल्लीशेजारी गाझियाबादला मोहन नगर वसलं आहे. म्हणजे राजधानीच्या परिसरात बिअर गाळणं मायक्रोब्रुअऱ्यांच्या कितीतरी आधीचं आहे. पण विसावं शतक उलटत गेलं तसतशी देशभर थंडगार, सौम्य चवीची लागर आणि पुढे तिचाच 'स्ट्राँग' अवतार पसरला. पेल एलची इथली वंशरेषा तिथेच तुटली. जुनी बिअर आणि आजची आयपीए यांच्यात पिढ्यांचं अंतर आहे आणि त्या अंतरात पाककृती, चव, सवय यांपैकी काहीही एकाकडून दुसरीकडे गेलेलं नाही.

नवी आयपीए जन्मली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. 1920 ते 1933 च्या दारूबंदीनं तिथल्या छोट्या ब्रुअऱ्या संपवल्या होत्या. उरलेल्यांपैकी न्यूअर्कची बॅलंटाइन आयपीए करत राहिली, तीही जुन्या पद्धतीनं, लाकडात वर्षभर मुरवून. बदल आला तो एका पिकातून. ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिस इथल्या सरकारी संशोधनातून 1956 मध्ये संकर केलेली 'कॅस्केड' ही हॉप्सची जात 1972 साली शेतकऱ्यांना मिळाली. इंग्लिश हॉप्सना माती, गवत, सुकलेल्या पानांचा वास येतो. कॅस्केडला पपनसाच्या सालीचा, मोहराचा, थोडा चिडाच्या डिंकाचा वास होता. मोठ्या कंपन्यांना हा वास फार उघडा वाटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं 1975 मध्ये 'लिबर्टी एल'मध्ये तो मुद्दाम पुढे आणला, चिको इथल्या सिएरा नेव्हाडानं 1980 पासून आपल्या पेल एलमध्ये त्यालाच नायक केलं. 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर करण्यावरची केंद्रीय बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि हजारो हौशी लोक गॅरेजमध्ये हॉप्स उकळू लागले. 1982 साली बर्ट ग्रँट यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा या हॉप्सच्याच गावात ब्रू-पब उघडला. दारूबंदीनंतरचा अमेरिकेतला तो पहिला मानला जातो आणि तिथे ते आयपीएही देऊ लागले. टाकी, गल्ला आणि स्वयंपाकघर एकाच छताखाली, आणि त्या छताखाली ताज्या हॉप्सची कडू बिअर: गुरुग्रामच्या ब्रू-पबचा खरा पूर्वज शोधायचा तर हा आहे. पुढे सेंटेनियल, सिमको, सिट्रा, मोझेक अशा जाती येत गेल्या आणि बिअरला आंबा, पॅशनफ्रूट, संत्र्याचे वास येऊ लागले.

आता गुरुग्राम. मद्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहे, त्यामुळे बिअरचा इतिहास राज्याच्या सीमेवर वळण घेतो. 1 जुलै 1996 पासून बन्सीलाल यांच्या सरकारनं हरियाणात पूर्ण दारूबंदी केली होती. ती 1998 च्या एप्रिलमध्ये उठली. म्हणजे मारुतीचा कारखाना रुळला होता, परदेशी कंपन्यांची कार्यालयं आणि कॉल सेंटरं नुकती येऊ लागली होती, तेव्हा या शहरात बिअरची बाटली बाळगणं हा गुन्हा होता. त्यानंतर साधारण दहा वर्षांतच, 2008-09 च्या सुमारास, याच राज्यानं मायक्रोब्रुअरीला परवाना दिला आणि गॅलेक्सी हॉटेलमधलं 'हाउझॅट', ॲम्बियन्स मॉलमधलं 'रॉकमन्स बिअर आयलंड' अशी ठिकाणं उभी राहिली. दिल्लीत तेव्हा अशा परवान्याची वाट मोकळी नव्हती. मग दिल्लीकर मेट्रोनं, गाडीनं सीमा ओलांडून इकडे येऊ लागले. योगायोगानं 2009 मध्येच पुण्यात कोरिंथियन्स क्लबमध्ये 'डूलाली' सुरू झाली. तिथून मुंबईचे टॅपरूम, डोंबिवलीची 'गेटवे', पुण्याची 'इंडिपेंडन्स' अशी महाराष्ट्राची स्वतंत्र शाखा वाढली. दोन्हीकडे सरकारचा हेतू महसूल आणि हॉटेलधंदा हा होता. आयपीएला भारतात परत आणावं असा विचार कुठल्याही अबकारी फाइलीत असण्याचं कारण नव्हतं. पण परवान्याच्या अटींनी नकळत तेच केलं.

त्या अटींचा गाभा असा होता: बिअर ज्या जागेत गाळली त्याच जागेत विकायची, बाटलीत भरून बाजारात न्यायची नाही, आणि ती जागा म्हणजे रेस्टॉरंट. बिअरच्या बाबतीत या अटीचा अर्थ फार खोल जातो. काचेमागे दिसणाऱ्या त्या स्टीलच्या टाक्या साधारण 500 ते 1000 लिटरच्या असतात. आयपीए करताना माल्टच्या उकळत्या रसात हॉप्स घातले की त्यातली अल्फा आम्लं रूप बदलतात आणि कडूपणा येतो. तो टिकाऊ असतो. वास मात्र हॉप्समधल्या उडून जाणाऱ्या तेलांचा, म्हणून आंबवण झाल्यावर गार टाकीत पुन्हा हॉप्स सोडतात, काही दिवस मुरू देतात आणि काढून घेतात. हॉप्स बहुतेक अमेरिकेतून, हवाबंद पाकिटांत, गोळ्यांच्या रूपात येतात, कारण या वेलीला उन्हाळ्यातला लांबलचक दिवस लागतो. आपल्याकडे लाहौलसारख्या हिमालयातल्या खोऱ्यातच ती नीट येते. गुरुग्रामचं भूजल कठीण आणि खारट, म्हणून ते आधी आरओनं मोकळं करायचं आणि मग त्यात हिशेबानं जिप्सम घालायचं. बर्टनच्या विहिरीनं जे फुकट दिलं ते इथे वजनकाट्यावर मोजून घालावं लागतं. एवढं करून जी बिअर होते तिचं सर्वस्व म्हणजे तिचा वास, आणि तो हवेच्या, उष्णतेच्या, प्रकाशाच्या स्पर्शानं आठवड्यागणिक उतरत जातो. केपला वळसा घालून येणारी बिअर वयानं सुधारत होती, ही बिअर वयानं बिघडते. तिला नळापासून गिऱ्हाइकापर्यंत वीस पावलांचा प्रवास सोसतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या शहरात, जागेवरच प्यायची अट ही या बिअरसाठी वरदान ठरली.

ही अट किती घट्ट होती ते 2017 मध्ये दिसलं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2016 चा निकाल 1 एप्रिलपासून लागू झाला आणि दिल्ली-जयपूर महामार्गाला चिकटून असलेलं सायबर हब आणि ॲम्बियन्स मॉल एकदम कोरडे पडले. दुकानदार आपल्या बाटल्या उचलून दुसरीकडे जाऊ शकतो. ब्रू-पबची टाकी जमिनीला पक्की बसवलेली, आणि तिच्यातली बिअर बाहेर विकायला परवानगी नव्हती. येण्याजाण्याचा रस्ता बदलून अंतर वाढवण्याची धडपड झाली. पुढे महानगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना हा निकाल आडवा येत नाही, असं न्यायालयानं जुलै 2017 मध्ये स्पष्ट केलं आणि गाडं रुळावर आलं. इथली बिअर जागेशी किती बांधलेली आहे, हे त्या काही महिन्यांनी दाखवलं.

आणि जागा रेस्टॉरंटची, म्हणून ताटाचा प्रश्न आला. गुरुग्रामच्या ब्रू-पबमध्ये जे खातात ते बव्हंशी दिल्लीचं पंजाबी तंदुरी खाणं: टिक्के, कबाब, अमृतसरी मच्छी, बटर चिकन, नान, त्याला पिझ्झा आणि चिली पनीरची जोड. हे खाणं आपल्याला फार जुनं वाटतं, पण रेस्टॉरंटातला पदार्थ म्हणून ते फाळणीनंतरचं आहे. पेशावर आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजच्या 'मोती महल'सारख्या ठिकाणी 1947 नंतर तंदुरी चिकनला उपाहारगृहात प्रतिष्ठा दिली, बटर चिकनही त्याच वातावरणातलं. म्हणजे टेबलावर समोरासमोर येतात ते दोघेही नवे आहेत: एक 1947 नंतरचं ताट आणि एक 1975 नंतरची बिअर. कंपनी सरकारच्या काळाचं या टेबलावर नावापलीकडे काही नाही. ही जोडी जुळते की नाही ते म्हणूनच इतिहासाला विचारून कळणार नाही, जिभेला विचारावं लागेल, आणि जिभेबद्दल आता बरंच ठाऊक झालं आहे.

1997 साली 'नेचर' या नियतकालिकात दोन वेगवेगळे शोध छापून आले. एक डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांचा: मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला चेतवतं, तो खरं तर उष्णता ओळखणारा ग्राहक आहे. या कामासाठी ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. दुसरा ब्रेस्लिन आणि बोशाँ यांचा: मीठ कडूपणा दाबतं आणि त्यामुळे बाकीच्या चवी वर येतात. पुढे 2002 मध्ये असंही दिसलं की मद्यार्क या उष्णतेच्या ग्राहकाला अधिक हळवा करतो. हे तीन धागे एकत्र केले की आयपीए आणि तिखट यांच्या जन्मजात जोडीचं काय होतं पाहा. सहा-सात टक्के मद्यार्काची आयपीए मिरचीचा दाह वाढवते, बुडबुड्यांची टोच त्यावर आणखी भर घालते, कडूपणा मागे रेंगाळतो आणि हॉप्सचा वास, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो दाहाखाली गाडला जातो. कोल्हापूरचा तांबडा रस्सा किंवा नागपूरचं सावजी मटण आयपीएबरोबर खाणं म्हणजे दोन्ही चांगल्या वस्तू वाया घालवणं आहे. उलट मीठ, स्निग्धता, थोडा गोडवा आणि भाजल्याचा खरपूसपणा आयपीएला हात देतात. आपल्या स्वयंपाकघराला हे शिकवावं लागत नाही. पाडव्याच्या कडुलिंबाच्या चटणीत गूळ, मीठ, ओवा आणि चिंच याच कारणासाठी पडतात, आणि कारल्याला मीठ चोळून भरताना गूळ-शेंगदाणे घालतात तेही याचसाठी. भारतीय जिभेला कडू नको असतं, हे दिल्लीतल्या हॉटेलवाल्यांकडून ऐकू येणारं मत मला म्हणूनच पटत नाही. कडू कसं वाढावं, हे आपल्याला चांगलं कळतं.

चाखण्याची रीत यातूनच ठरते. ग्लास बर्फात घालून गोठवलेला नको. आयपीए सात ते दहा अंशांवर खुलते, त्याखाली वास दबतो आणि नुसता कडूपणा उरतो. पहिला घोट घेण्याआधी फेसावर नाक न्यावं: पपनस, संत्र्याची साल, आंबा, चीड यांतलं काय येतं ते तेव्हाच कळतं. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिळ्या मधाचा वास आला, तर बिअर जुनी झाली आहे. मग ताट. दही कबाब हा गुरुग्रामच्या टेबलावरचा मला सर्वांत योग्य वाटणारा पदार्थ. टांगलेल्या दह्यातलं केसिन मिरचीचा दाह धुऊन काढतं, स्निग्धपणा कडूपणाची धार बोथट करतो आणि सौम्य आंबटपणा हॉप्सच्या लिंबूवर्गी वासाला उचलून धरतो. अमृतसरी मच्छीत बेसनाचा कुरकुरीतपणा आणि ओव्याचा उग्र वास असतो, तो चिडासारख्या वासाच्या जुन्या वळणाच्या वेस्ट कोस्ट आयपीएशी छान बोलतो. महाराष्ट्रात बसला असाल तर तिच्या जागी रव्यात घोळून तळलेला बोंबील घ्यावा, फक्त त्यावर तिखट मसाला कमी हवा. धन्याच्या तेलात लिनालूल नावाचा सुगंधी घटक मुख्य असतो आणि तोच अनेक अमेरिकी हॉप्समध्येही सापडतो, त्यामुळे धने पुढे असलेला मसाला मिरची पुढे असलेल्या मसाल्यापेक्षा आयपीएला जवळचा. अमेरिकेत आयपीएबरोबर गाजराचा केक द्यायची पद्धत रूढ आहे. दिल्लीच्या थंडीत लाल गाजरांचा तुपात परतलेला हलवा त्याच तर्कानं या बिअरशेजारी बसतो, आणि तो मेन्यूत असूनही बिअरबरोबर मागवायचं फार थोड्यांना सुचतं.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की इंग्रज साहेब टिफिनला करी-भात खात आणि सोबत पेल एल पीत, मग जोडी जुनी नाही कशी? जोडी होती, पण दोन्ही घटक वेगळे होते. साहेबाची करी इथल्या गरिबाच्या कालवणाइतकी तिखट नव्हती आणि त्याची बिअर वर्षभर मुरून मवाळ झालेली होती. त्या टेबलावर वाढणारा आबदार तेवढा हिंदुस्थानी होता, पिणारा नव्हता. दुसरा आक्षेप जाणकारांचा. ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर यांनी 2003 च्या आपल्या पुस्तकात बिअर आणि जेवणाच्या जोड्यांचा पाया घातला, आणि त्यांच्यासह अनेक अमेरिकी जाणकार मसालेदार जेवणाला आयपीए सुचवतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मसाला आणि मिरची वेगळ्या धरल्या तर. जिरं, धने, वेलची, आलं, भाजका कांदा यांना आयपीए खुलवते. बटर चिकनसारख्या लोणी-टोमॅटोच्या रश्शाशीही तिचं जमतं, कारण तिथे साखर आणि स्निग्धता भरपूर. अडचण फक्त दाहाची आहे, आणि तिखट खाणाऱ्या देशात ती अडचण छोटी नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: गुरुग्रामच्या ब्रू-पबमध्ये लोक पितात ती मुख्यतः गव्हाची बिअर, केळ-लवंगेच्या वासाची, कडूपणा जवळजवळ नसलेली. मग आयपीएवर एवढं लिहायचं कशाला? हे खरं आहे, आणि माझ्या युक्तिवादाला ते उलट बळ देतं. गव्हाची बिअर तिखटाबरोबर चालते, कारण ती कडू नाही आणि सौम्य आहे. गिऱ्हाइकांनी कुठलाही शोधनिबंध न वाचता जिभेनं दिलेला तो कौल आहे. आयपीए परंपरेनंच आपली असती तर इथे तिचंच राज्य असतं. चौथा आक्षेप डबे आणि बाटल्यांचा. दिल्लीच्या बिरा 91 नं आयपीए बाजारात आणली, गोव्याच्या 'एट फिंगर एडी'नं डब्यातल्या भारतीय आयपीएला नाव मिळवून दिलं, मग ताजेपणा म्हणजे नळाशीच बसणं कशाला? डबा प्रकाश पूर्ण अडवतो आणि हवाही जवळपास अडवतो, हे त्याचं बलस्थान. पण कारखान्यापासून दुकानाच्या फळीपर्यंत गारवा टिकला पाहिजे, आणि मे महिन्यात ट्रकमध्ये, गोदामात, दुकानाच्या मागच्या खोलीत तो टिकतोच असं कोण म्हणेल? जिथे टिकतो तिथे डब्यातली आयपीएही उत्तम लागते.

या सगळ्यातून एक साधी मागणी निघते. गुरुग्रामच्या, पुण्याच्या, मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांनी आपल्या यादीवर हॉजसनची गोष्ट छापण्याऐवजी प्रत्येक बिअर टाकीतून कधी काढली ती तारीख छापावी. खडूनं फळ्यावर लिहिली तरी चालेल. आणि पिणाऱ्यानं, आयपीए मागवण्याआधी ती तारीख विचारावी. महिन्याच्या आतली असेल तर घ्यावी, सोबत दही कबाब किंवा अमृतसरी मच्छी मागवावी आणि हिरवी चटणी बाजूला ठेवायला सांगावी.